व्हीआरमध्ये पहिला प्रयोग लावताय? आधी हेडसेट मोजा, मग माणूस

"डिपार्टमेंटला व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअॅलिटीचा) हेडसेट आलाय, त्यावर काय प्रोजेक्ट करू?" सायकॉलॉजी, कॉग्निटिव्ह सायन्स, डिझाइन, सगळीकडची पोरं हेच विचारतात. खरं तर प्रश्न आधी आणि हेडसेट नंतर यायला पाहिजे, पण ठीक आहे, बहुतेक ठिकाणी उलटंच होतं. हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना युनिटी (गेम आणि व्हीआर बनवायचं सॉफ्टवेअर) थोडंफार येतं किंवा शिकायची तयारी आहे, आणि माणूस बघतो कसा, चालतो कसा, दुसऱ्या माणसासमोर वागतो कसा यातलं काहीतरी मोजायचंय. दहा प्रयोगांची नुसती नावं घेऊन हाताला काही लागत नाही, म्हणून एकच प्रयोग घेऊ आणि तोच शेवटपर्यंत नेऊ.

प्रयोग असा. व्हीआरमधल्या खोलीत एक माणूस उभा आहे. पार्टिसिपंटला सांगायचं की याच्या शर्टावर पुढे नाव आहे, मागे नंबर आहे, दोन्ही वाचून लक्षात ठेव, नंतर विचारणार. तो बिचारा वाचायला म्हणून त्या माणसाभोवती फिरतो आणि आपण मोजतो की तो किती जवळ गेला. निम्म्या वेळा तो उभा माणूस पार्टिसिपंटकडे बघतो, निम्म्या वेळा बघत नाही. बस एवढंच. ही आयडिया माझी नाही, जेरेमी बेलेन्सन, जिम ब्लास्कोविच, अँड्र्यू बील आणि जॅक लूमिस यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसवर हे केलं आणि २००१ मध्ये छापलं. लोक व्हर्च्युअल माणसापासून तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरपेक्षा जास्त लांब राहिले, म्हणजे समोर कोणी खराखुरा नाही हे पक्कं माहीत असूनही अंग चोरून चालले. आणि तो डोळ्यात बघत असेल तर बायकांनी अजून थोडं अंतर ठेवलं.

मला हा प्रयोग नवशिक्यांसाठी आवडतो कारण यात बघणं, चालणं आणि समोर कोणीतरी असणं हे तिन्ही एकमेकांत अडकलेलं आहे आणि ते सोडवता सोडवताच खरं शिकायला मिळतं.

पायरी १: व्हीआर हवंय का, हे आधी विचारा

हेच काम जमिनीवर चिकटपट्टी लावून आणि एका मित्राला उभं करून होत असेल तर व्हीआर कशाला? आपल्या केसमध्ये उत्तर असं की मित्र सोळा वेळा अगदी तशाच नजरेने बघू शकत नाही, कंटाळतो, हसतो, ओळखीचं कोणी आलं की मान डोलावतो. व्हर्च्युअल माणूस दर वेळी डिट्टो तेच करतो, आणि डोक्याचा कोन तेवढा बदलून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवता येतं.

व्हीआरची खरी ताकद बघायची तर क्रिकेटवाल्यांना पटेल असं उदाहरण देतो (मूळ बेसबॉलचं आहे). उंच उडालेला कॅच घ्यायला फिल्डर नेमकं कुठे धावायचं हे कसं ठरवतो? बॉल कुठे पडणार याचं मनात गणित करतो, की बॉल डोळ्याला ज्या वेगाने वर चढताना दिसतो तो वेग एकसारखा राहील असं फक्त धावत राहतो? खऱ्या मैदानावर दोन्हीत फरक करणं महाकठीण, कारण बॉल बिचारा फिजिक्स पाळतो. फिंक, फू आणि विल्यम वॉरन यांनी २००९ मध्ये हेच व्हीआरमध्ये केलं आणि काही वेळा बॉलचा मार्ग हवेतच बदलला, जे देवाच्या मैदानावर होऊच शकत नाही. निकाल धावत-धावत जुळवून घेण्याच्या बाजूने गेला. तुमच्या प्रयोगात असा एखादा बदल असेल जो खऱ्या जगात करताच येत नाही किंवा करणं धोक्याचं आहे, तर व्हीआर बिनधास्त वापरा. नुसतं भारी दिसतं म्हणून नको.

पायरी २: हेडसेट आणि खोली

हेडसेट कुठला घ्यावा यावर लोक उगाच महिनाभर भांडतात. आपल्या प्रयोगाला मेटा कंपनीचा क्वेस्ट २ किंवा क्वेस्ट ३ पुरतो. क्वेस्ट ३ चं रिझोल्यूशन दर डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल आहे, शर्टावरचं नाव वाचायला भरपूर. डोळा नेमका कुठे बघतोय हे हवं असेल तर मात्र आय ट्रॅकिंगवालाच हेडसेट पाहिजे, उदाहरणार्थ व्हाइव्ह प्रो आय किंवा क्वेस्ट प्रो, डोक्याची दिशा म्हणजे डोळ्याची दिशा असं गृहीत धरून पेपर लिहू नका.

खोली मोकळी हवी, चार बाय चार मीटर मिळाली तर काम होतं. ब्राऊन विद्यापीठात वॉरन यांच्या लॅबमध्ये बारा बाय बारा मीटरची जागा आहे, ती बघून जळून उपयोग नाही. आपल्याकडे जे होतं ते असं: कॉन्फरन्स रूम मिळते, भिंती पांढऱ्याफटक, एका बाजूला मोठी काच, वर जुन्या ट्यूबलाइट. हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी भिंतीवरच्या खुणा शोधून आपण कुठे आहोत हे ठरवतो, त्यामुळे कोऱ्या भिंतीवर त्याला पकडायला काही मिळत नाही आणि ट्रॅकिंग गंडतं. भिंतीवर जुनी पोस्टर्स, कॅलेंडर, काहीही लावा. काचेवर पडदा ओढा. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी असते ती ५० हर्ट्झवर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि हेडसेट खिडकीत कधीच ठेवायचा नाही, ऊन लेन्समधून थेट स्क्रीनवर एकवटतं आणि स्क्रीन जळते, कायमची.

अजून एक. हेडसेटमध्ये आपण मोकळ्या जागेची हद्द आखून देतो, पार्टिसिपंट त्या हद्दीजवळ गेला की एक जाळी दिसायला लागते, आणि ती दिसली की त्याला खऱ्या खोलीचा अंदाज येतो, प्रयोग तिथेच बोंबलला. एकतर व्हर्च्युअल खोली खऱ्या मोकळ्या जागेपेक्षा लहान ठेवा, नाहीतर डेव्हलपर मोडमधून ती हद्द बंद करा, पण मग शेजारी एक माणूस फक्त पार्टिसिपंटवर लक्ष ठेवायला उभा पाहिजे, लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेला नाही.

पायरी ३: सॉफ्टवेअर

युनिटी आणि ओपनएक्सआर (वेगवेगळ्या हेडसेटशी एकाच पद्धतीने बोलायचं स्टँडर्ड), विषय संपला. युनिटीसारखंच अनरिअल येत असेल तर तेही चालेल, व्हीआर प्रयोगांसाठीचं वायझर्ड पैसे देऊन मिळतं आणि चांगलं आहे, पण अडल्यावर मदत युनिटीवाल्यांकडूनच पटकन मिळते. ट्रायल, ब्लॉक, सेशन, डेटा सेव्ह करणं हे सगळं स्वतः लिहीत बसू नका, यूएक्सएफ नावाचं फ्रेमवर्क फुकट आहे, लीड्स विद्यापीठातल्या लोकांनी बनवलंय, ट्रायलनुसार सीएसव्ही फाइल आपोआप पडतात. उभा करायला माणसं हवीत तर मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये रॉकेटबॉक्स नावाचा ११५ अवतारांचा (व्हर्च्युअल माणसांचा) संच संशोधनासाठी मोफत खुला केलाय, तिथून घ्या.

युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर. पण बाहेरून आणलेले मॉडेल कधीकधी भलत्याच मापाचे येतात, डोळ्याला ठीक वाटतात आणि निघतात दोन मीटर दहाचे. त्यामुळे शेजारी बरोबर १.७ मीटर उंचीचा साधा चौकोनी खांब उभा करून बघा.

पायरी ४: आता माणूस नाही, यंत्र मोजा

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असं माझं मत आहे आणि नंतर रिव्ह्यूअर तिथेच पकडतो.

हेडसेट स्टुलावर ठेवा, दहा मिनिटं डेटा रेकॉर्ड करा. आकडा किती थरथरतो, हळूहळू सरकतो का ते बघा. मग जमिनीवर मेजरिंग टेप पसरा, हेडसेट बरोबर एक मीटर सरकवा, फाइलमध्ये एक मीटर येतंय का बघा, दोन्ही दिशांना, आणि खोलीच्या कोपऱ्यातसुद्धा. मग मुद्दाम कॅमेरे हाताने झाका, ट्रॅकिंग घालवा, परत येऊ द्या आणि पुन्हा तीच जागा मोजा. हे उगाच नाही सांगत. निहॉर्स्टर, ली आणि लाप्पे यांनी २०१७ मध्ये एचटीसी व्हाइव्हची अशीच तपासणी केली. लेटन्सी (डोकं हलल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर) २२ मिलिसेकंद, म्हणजे छानच, पण ट्रॅकिंग एकदा गेलं आणि परत आलं की आख्खी जमीन थोडीशी कलल्यासारखी मोजली जायची. घालणाऱ्याला काही कळत नाही, डेटा मात्र वाकडा.

युनिटीत डेटा कुठे लिहिताय हेही बघा. फिक्स्डअपडेट या ठरावीक वेळाने चालणाऱ्या फंक्शनमध्ये लिहिलं तर डिफॉल्टला सेकंदाला पन्नास वेळा चालतं, हेडसेट मात्र ७२ किंवा ९० फ्रेम काढतोय, मग दोन्हीचा मेळ बसत नाही. दर फ्रेमला लिहा, सोबत टाइमस्टॅम्प लिहा, आणि दोन फ्रेममधलं अंतर काढून कुठे फ्रेम गळल्या ते तपासा. फिरण्याचे कोन साध्या अंशात साठवले तर ३५९ वरून एकदम १ वर उडी दिसते आणि सरासरी काढली की माणूस उलटा बघत होता असं निघतं, त्यासाठी क्वाटर्नियन (फिरणं चार आकड्यांत लिहायची पद्धत) साठवा, समजायला त्रास होतो पण नंतर वाचवतात.

लेटन्सीबद्दल फार बाऊ नको, निदान या प्रयोगात. कोणी रिअॅक्शन टाइम किंवा कॅच पकडणं मोजत असेल तर त्याला फोनच्या २४० एफपीएस स्लो मोशनने लेन्समधून शूट करून मोजायलाच लागेल, तिथे एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद.

पायरी ५: पार्टिसिपंटला एक मीटर किती दिसतो?

इथे जरा थांबा, कारण सगळ्या लेखात हाच भाग महत्त्वाचा आहे.

व्हीआरमध्ये लोकांना अंतर कमी वाटतं. हे जुनं आणि वारंवार सापडलेलं आहे. मोजायची पद्धत भारी आहे: समोर ठरावीक अंतरावर एक खूण दाखवायची, मग डोळ्यापुढे पूर्ण अंधार करायचा आणि म्हणायचं, जा चालत तिथपर्यंत. खऱ्या मैदानात डोळ्यावर पट्टी बांधून लोक वीसेक मीटरपर्यंत हे आश्चर्य वाटेल इतकं नीट करतात. व्हीआरमध्ये अलीकडेच थांबतात. रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले तर अंदाज सरासरीने खऱ्या अंतराच्या ७४ टक्के निघाला. नवीन हेडसेटमध्ये फरक कमी झालाय पण गेलेला नाही. कारणं एक नाही, बरीच आहेत: बाजूचं कमी दिसणं, डोक्यावरचं वजन, आणि डोळ्यांची वळणी आणि फोकस यांची फारकत, कारण हेडसेटमध्ये फोकस एकाच ठरावीक अंतरावर असतो, वस्तू जवळ असो की लांब.

आता हे आपल्या प्रयोगाला का लागतं? समजा पार्टिसिपंट व्हर्च्युअल माणसापासून ९० सेंटिमीटरवर थांबला. त्याला ते ९० वाटलं का ७५? जर ७५ वाटलं असेल तर तो लांब राहिला ते लाजून नाही, त्याला तो माणूस जवळ दिसला म्हणून. नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून "व्हीआरमध्ये लोक अमुक सेंटिमीटर अंतर ठेवतात आणि खऱ्यात तमुक" अशी तुलना सरळ करू नका. पण बघणारा विरुद्ध न बघणारा ही तुलना एकाच हेडसेटमध्ये, एकाच खोलीत, एकाच पार्टिसिपंटवर आहे, दोन्हीकडे गडबड सारखीच, त्यामुळे फरक टिकतो. तुमचा प्रश्न फरकाचा ठेवा, आकड्याचा नको.

तरी अंधारात चालण्याची चाचणी प्रत्येकावर घ्याच. दोन, तीन, चार मीटर अशी अंतरं उलटसुलट क्रमाने, बरोबर आलं की चुकलं हे अजिबात सांगायचं नाही, परत आणताना स्क्रीन बंद ठेवून वेडंवाकडं फिरवून आणायचं, नाहीतर पावलं मोजतात, हुशार असतात लोक. चार मीटरला खोली पुरणार नाही, त्याच्यापुढेही मोकळी जागा लागते, त्यामुळे एवढ्यापुरता कॉरिडॉर मागून घ्या. आणि ही चाचणी मुख्य प्रयोगाच्या आधी, कारण व्हीआरमध्ये डोळे उघडे ठेवून थोडं चाललं की अंदाज सुधारायला लागतो.

त्याआधी पार्टिसिपंटच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी हेडसेटच्या लेन्स जुळवा. क्वेस्ट २ ला ५८, ६३, ६८ मिलिमीटर असे तीनच खाचे आहेत, क्वेस्ट ३ ला चाक आहे. पट्टी घेऊन मोजा, फॉर्मवर लिहा. काही लोकांना दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज (डेप्थ) येतच नाही आणि त्यांना स्वतःला ते माहीतही नसतं, एखादी साधी स्टिरिओ चाचणी ठेवा.

पायरी ६: चालण्याचा डेटा

वीस सेकंदांचा एक ट्रायल, ७२ हर्ट्झ, म्हणजे १४४० ओळी. सोळा ट्रायल म्हणजे एका माणसाच्या २३,०४० ओळी. यातून तुम्हाला लागणारा आकडा एक: सर्वात कमी अंतर. सोपं वाटतं, पण चालताना डोकं दर पावलाला वरखाली होतं आणि डावीउजवीकडे झुलतं, आणि सर्वात कमी अंतर काढलं की नेमका झोका पकडला जातो. आधी लो पास फिल्टर (झटपट होणारी थरथर गाळणारा) लावा, चालण्याच्या डेटाला ६ हर्ट्झच्या आसपास चालतं. वरखाली अंतर मोजायचंच नाही, फक्त जमिनीच्या पातळीवरचं. आणि समोरचं कमीत कमी अंतर वेगळं काढा, पाठीमागचं वेगळं, कारण नजरेचा परिणाम झाला तर समोरच्या बाजूला जास्त दिसायला पाहिजे. शर्ट वाचायला वाकलेला माणूस डोकं पुढे काढतो, पाय तिथेच, हे लक्षात ठेवा, हेडसेट म्हणजे डोकं, आख्खा माणूस नाही.

कोणीतरी विचारेलच की लहान खोलीत मोठं जग कसं चालवायचं. त्याला रिडायरेक्टेड वॉकिंग म्हणतात, चित्र हळूच फिरवून माणसाला नकळत वळवायचं. स्टाइनिके आणि मंडळींनी २०१० मध्ये मोजलं की माणूस किमान २२ मीटर त्रिज्येच्या गोलात फिरत असला तरी आपण सरळ चाललोय असंच त्याला वाटतं. आता २२ मीटर त्रिज्या म्हणजे हॉल पाहिजे. पहिल्या प्रयोगात या नादाला लागू नका.

पायरी ७: तो उभा माणूस

इथे सगळ्यात जास्त माती होते. पुतळ्यासारखा निश्चल अवतार ठेवला तर लोक त्याला वस्तू समजतात. उलट डोळे कॅमेऱ्याला चिकटवून टाकले, पापणी लवत नाही, तुम्ही मागे गेलात तरी मान भुतासारखी वळतेय, तर लोक लांब जाणारच, पण मग तुम्ही नजर मोजत नाही, भीती मोजताय. श्वासाची हलकी हालचाल द्या, मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवू द्या, मान एका मर्यादेपर्यंतच वळू द्या. न बघणाऱ्या अवताराचीही मान तेवढीच हलली पाहिजे, फक्त दुसऱ्या दिशेला, नाहीतर हलणं विरुद्ध न हलणं असा भलताच प्रयोग होतो.

एकच चेहरा वापरू नका. एकाच अवतारावर केलं तर निकाल त्या एका बुवाबद्दल आहे, नजरेबद्दल नाही. निदान आठ चेहरे, बायका-पुरुष दोन्ही, आणि प्रत्येक चेहरा दोन्ही अवस्थांत. सिलिंडरही ठेवा, मूळ प्रयोगासारखा.

पार्टिसिपंटला काय सांगताय तेही ठरवून ठेवा. "हा कंप्युटर चालवतोय" आणि "हा शेजारच्या खोलीतला माणूस चालवतोय" यात वागणं बदलू शकतं. वाक्य कागदावर लिहा आणि प्रत्येकाला तेच वाचून दाखवा, आपण मराठीत गप्पा मारत समजावतो आणि दर वेळी काहीतरी नवीन सांगून बसतो. सूचनांची भाषाही एकच ठेवा, निम्म्यांना मराठी निम्म्यांना इंग्रजी नको.

पायरी ८: पार्टिसिपंट नावाचा जिवंत माणूस

एथिक्स कमिटीची परवानगी आधी, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून वाचा, कंटाळवाणी आहेत पण फॉर्म त्यावरूनच भरता येतो. शर्टाचं निमित्त सांगून अंतर मोजतोय, म्हणजे थोडी लपवाछपवी आहे, ती अर्जात स्पष्ट लिहा आणि प्रयोग झाल्यावर पार्टिसिपंटला सगळं सांगा, डेटा नको असेल तर काढून टाकायची सोय द्या.

मळमळीसाठी एसएसक्यू म्हणून १९९३ ची केनेडी आणि सहकाऱ्यांची प्रश्नावली आहे, सोळा लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते तीन. आधी पण भरून घ्या आणि नंतर पण, कारण कॉलेजच्या कँटीनमधलं खाऊन आलेला माणूस आधीच मळमळत असू शकतो. वीस-पंचवीस मिनिटांत संपवा, पंखा चालू ठेवा, अपस्माराचा इतिहास असेल तर घेऊच नका. आणि संपल्यावर लगेच टू-व्हीलरवर बसू देऊ नका, पाणी द्या, दहा मिनिटं बसवा.

बारीकसारीक पण त्रास देणारं: अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी असली की पट्टा नीट बसत नाही, आधीच कळवा की केस खाली बांधून या. काजळ आणि केसांचं तेल लेन्सवर येतं, कोरड्या मायक्रोफायबरने पुसायचं, स्पिरिट लेन्सला लावायचं नाही. चष्म्यासाठी स्पेसर लावा, नाहीतर दोन्ही काचा एकमेकींना ओरखडे पाडतात.

डेटाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. नाव काढून टाकलं म्हणजे डेटा निनावी झाला असं नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ५११ जणांच्या नुसत्या डोक्याच्या आणि हाताच्या हालचालींवरून, माणशी पाच मिनिटांपेक्षा कमी डेटा शिकवून, ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला. तुमचं आपलं चालणं म्हणजे सहीच आहे एक प्रकारची. तेव्हा कच्चा डेटा सरसकट ड्राइव्हवर टाकून लिंक ग्रुपवर फिरवू नका, आणि संमतीपत्रात हे साध्या भाषेत लिहा.

पायरी ९: पायलट

तीन-चार जण, शक्यतो तुमचे मित्र नसलेले, कारण मित्र "मस्त होतं रे" म्हणून मोकळे होतात. शेवटी एकच प्रश्न विचारा: तुला काय वाटलं, आम्ही काय बघत होतो? निम्म्यांनी "किती जवळ जातो ते" असं सांगितलं तर शर्टाचं निमित्त फुटलंय, वाचायचं काम अजून अवघड करा. त्यांचा डेटा मुख्य डेटात मिसळायचा नाही, फोल्डरच वेगळा ठेवा. अॅनालिसिसचा कोड पायलटच्या डेटावर पूर्ण चालवून बघा, कुठला आकडा काढणार आणि कोणाला वगळणार हे त्याच वेळी लिहून प्रीरजिस्टर करा, म्हणजे मुख्य डेटा घ्यायच्या आधी जाहीर नोंदवून ठेवा.

मग युनिटीच्या बिल्डला नंबर द्या, हेडसेटचं सॉफ्टवेअर व्हर्जन वहीत लिहा आणि वायफाय बंद करा, कारण अपडेट मधेच कधी येईल सांगता येत नाही आणि त्यानंतर ट्रॅकिंग तसंच राहिलं की नाही हे पुन्हा स्टूल आणि टेप काढून मोजल्याशिवाय कळत नाही. शेवटचा पार्टिसिपंट होईपर्यंत तो हेडसेट कोणाला गेम खेळायला पण द्यायचा नाही, एचओडींच्या मुलाला सुद्धा.